ऊसपट्ट्यातली सात किलोमीटरची वायरलेस लिंक: गळीत हंगाम आणि पावसाळ्यानंतर

कोल्हापुरातली गच्ची ते करवीर तालुक्यातला मळा, हवाई अंतर सात किलोमीटर. दोन्ही टोकांना 5.8 गिगाहर्ट्झच्या 23 डीबीआय (सिग्नल एका दिशेला किती एकवटतो याचं माप) डिश. जोडी चांगली आहे. खोक्यावर छापलेली रेंज मात्र मोकळ्या माळाची, उसाच्या शिवाराची नव्हे.

5725 ते 5875 मेगाहर्ट्झमध्ये विनापरवाना मर्यादा 36 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) ईआयआरपी, म्हणजे रेडिओ आणि डिश मिळून एका दिशेला जाणारी एकूण ताकद. म्हणजे या डिशला रेडिओ 13 डीबीएमवर ठेवायचा. सात किलोमीटरला हवेतला लॉस 124.6 डीबी. 36 वजा 124.6, अधिक समोरच्या डिशचे 23: हाती उरतात उणे 65.6 डीबीएम. स्क्रीनवर उणे 67-68 दिसलं तर ठीक. उणे 85 च्या आसपास अडकलं तर डिश बहुधा साइड लोबवर (मुख्य झोताच्या बाजूच्या कमजोर झोतावर) लागलीय. आधी आडवी, मग उभी सावकाश फिरवा, एका वेळी एकच टोक.

खरा घोळ उंचीचा. समोरची गच्ची दिसते म्हणजे लाइन मोकळी, असं नाही. फ्रेनेल झोन म्हणजे सरळ रेषेभोवतीचा लंबगोल पट्टा, सिग्नल त्यातून जातो; त्याच्या त्रिज्येचा किमान 60 टक्के भाग मोकळा लागतो. मध्यावर तो 5.7 मीटर, वर पृथ्वीच्या गोलाईचे 0.7. उभा ऊस चार मीटर धरा, झाले 10.4. गच्चीवरची डिश जमिनीपासून 15 मीटरवर, मळ्यातली 6 मीटरवर असेल, तर सपाट जमिनीवर मध्याला लाइन 10.5 मीटरवरून जाते. पास! पण बहुतेक जण एवढंच तपासून थांबतात. मळ्यापासून एक किलोमीटरवर लाइन 7.3 मीटरवर असते आणि गरज 8.35 ची. म्हणून तोड झाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये केलेला सर्व्हे हमखास फसवतो. लिंक श्रावण-भाद्रपदात ढेपाळते. मळ्यातली डिश 9 मीटरवर नेली की सगळीकडे साधारण मीटरभर मोकळीक मिळते. त्या उंचीला दोन इंची जीआय पाइप आणि तीन बाजूंनी ताण हवेतच, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात डिश फिरते. एक अंश फिरली की सात किलोमीटरवर नेम 120 मीटर सरकतो. बांधावरची निलगिरी या हिशेबात नाही. ती आडवी आली तर दुसरी जागा बघा.

पावसाला उगाच दोष देतात. धो-धो सरीतही या फ्रिक्वेन्सीला दोन-तीन डीबीच जातात. पाणी शिरतं ते कनेक्टरमध्ये: केबल खालून आत घ्या, आधी एक झोळ सोडा, जोडावर सेल्फ-बाँडिंग टेप. शिल्डेड आउटडोअर केबल, दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत उतरवणारं उपकरण) आणि खऱ्या अर्थिंगला जोडणी, कारण विजा वळवातच जास्त.

सेटिंगमध्ये अंतर आठ किलोमीटर टाका. शहराच्या बाजूला इतर सिग्नलचा गोंगाट जास्त, तिथे 40 ऐवजी 20 मेगाहर्ट्झ चॅनेल. वेग कमी होतो, पण तुटत नाही.

शेतीच्या फीडरवर वीज आठ तासच धरा. 8 वॅटच्या रेडिओला उरलेल्या 16 तासांसाठी 128 वॅट-तास लागतात. 12 व्होल्ट 12 एएचच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये लावल्या की अर्ध्याहून कमी उतरतात.