रास्पबेरी शेक: नागपुरात घरी भूकंपमापक ठेवून काय दिसते?

पहिले एक सांगून टाकतो, रास्पबेरी शेक नावाचं हे भूकंप मोजायचं मशीन भूकंप यायच्या आधी वाजत बिजत नाही. घरी जो येतो तो हेच विचारते, "काहो, किल्लारीसारखा येणार असंल तर हे सांगते का?" नाही सांगत. लाट आली का मोजते, बस.

4 डिसेंबर 2024 ला सकाळी साडेसातच्या आसपास तेलंगणात मुलुगूकडे 5.3 चा भूकंप झाला, आपल्याकडे गडचिरोली चंद्रपूर नागपूर सगळीकडे जाणवला, तेव्हापासून डोक्यात किडा होता का घरी एक पाहिजेच. कंपनी पनामाची आहे, त्यामुळे कस्टम ड्युटीचा फटका बसतो तो वेगळाच, अन् कुरिअरवाल्यानं एवढी नाजूक वस्तू गेटवर वॉचमनच्या खुर्चीखाली टाकून दिली (नाव घेत नाही). वस्तू मात्र शाबूत निघाली.

टिफिनएवढा पारदर्शक डबा आहे. आत रास्पबेरी पायचं बोर्ड, म्हणजे एक छोटुसा कॉम्प्युटर, अन् खरी गंमत म्हणजे जिओफोन, जमिनीचं हलणं पकडणारा सेन्सर. स्प्रिंगवर तरंगती तांब्याच्या तारेची कॉइल, बाजूला चुंबक, जमीन हलली का चुंबक तिच्यासंगं हलते पण कॉइल मागं राहते, त्यातून बारीकशी वीज तयार होते, ती सेकंदाला 100 वेळा मोजली जाते. स्क्रू फिरवून लेव्हल करायचं, राऊटरची केबल लावायची, झालं.

पण नागपुरात दिवसा काय दिसते? ट्रॅफिक! आमचं घर मनीष नगरात, रेल्वे लाइन जवळच, मालगाडी गेली का स्क्रीनवर जाडजूड पट्टा उमटते, गणपतीतल्या डीजेचाही उमटला. रात्री दोननंतर रेघ बारीक होते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये जगभरच्या भूकंपमापकांवर हा माणसांचा गोंगाट कसा कमी झाला त्याचा अभ्यास झाला, त्यात असे घरगुती डबेही होते.

पैसे वसूल झाले ते 30 जुलै 2025 ला. रशियाच्या कामचाटकाला 8.8 चा भूकंप झाला, आपले पहाटेचे 4:54. इथून साडेसात हजार किलोमीटर, तरी पहिली पी लाट (भूकंपाची सगळ्यात वेगानं येणारी लाट) अकरा-एक मिनिटात नागपुरात हजर! शांत रेघ एकदम फुगली, मग नऊ-दहा मिनिटांनी तिच्या मागून हळू येणारी एस लाट. घरात कोणाला काही जाणवलं नाही, सगळे झोपून राहिले होते. अन् तिकडे त्याच भूकंपाची त्सुनामी हवाईला पोचायला जवळपास सहा तास लागले. खोल समुद्रात ती तासाला सात-आठशे किलोमीटर पळते, विमानासारखी, तरी जमिनीतल्या लाटेपुढे काहीच नाही. म्हणूनच तर किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला वेळ मिळते, हे पुस्तकात वाचलं होतं पण स्क्रीनवर रेघ पाहून अन् मग टीव्हीवर दिवसभर हवाईच्या बातम्या पाहून जे कळलं ते वेगळंच.

जवळच्या भूकंपाला पी अन् एस मधले सेकंद मोजा, आठनं गुणा, अंदाजे किलोमीटर मिळतात. मुलुगू सव्वातीनशे किलोमीटर, म्हणजे फरक चाळीस-एक सेकंदांचा. भाच्याला हे जमलं तेव्हापासून तो मोबाइल सोडून इकडेच बसून राहते.

दूरचे भूकंप पाहायचे तर स्क्रीनवरचा फिल्टर 0.7 ते 2 हर्ट्झ ठेवा, म्हणजे फक्त हळू कंपनं दिसतात, नाही तर मालगाडीत सगळं बुडते. साधं मॉडेल फक्त वर-खाली हालचाल मोजते, तिन्ही दिशा पाहिजे तर 3डी वालं घ्या, ते अजून महाग. फिजिक्स शिकवणाऱ्यांनी तर हे मशीन बिनधास्त विकत घ्यावं. तळमजला, पक्की फरशी, फ्रिजपासून लांब, अशी जागा पाहिजे. वरच्या मजल्यावर फ्लॅट असंल तर नका घेऊ बाप्पा, बिल्डिंगचं डोलणं अन् शेजाऱ्यांची वॉशिंग मशीन एवढंच पाहात बसाल.