खपली गहू: धान्याला पूर्ण मार्क, पाकिटातल्या इतिहासाला नाही

यंदा धान्य महोत्सवातून खपली गहू घेतला, सातारा भागातल्या एका शेतकऱ्याच्या स्टॉलवरून. १० किलो अख्खा आणि २ किलो खिरीसाठी सडलेला, म्हणजे कांडून टरफल काढलेला. आता घरात पोळ्या, खीर, पुरणपोळी, शेवया सगळं करून झालंय म्हणून नीट रिव्ह्यू लिहितोय. जरा लांबेल कारण पाकिटात एक माहितीपत्रक होतं आणि त्याबद्दल मला गव्हापेक्षाही जास्त बोलायचंय.

आधी धान्य. दाणा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता आणि तांबूस. निवडताना मुठीमागे दोनचार दाणे टरफलासकट सापडतात, ते काढावे लागतात, पण खपलीत हे चालायचंच. आपला नेहमीचा गहू मळला की दाणा मोकळा होतो, खपलीचा होत नाही, मळणीनंतर टरफलात दोन दोन दाणे तसेच चिकटून राहतात आणि ते वेगळे सडून काढायला लागतात. किंमत जास्त असते ती बरीचशी याच कामाची. मला किलोला १२० रुपये पडला, महाग आहे, पण सडण्यात किती वजन जातं आणि एकरी उतारा किती कमी असतो ते बघितलं की शेतकऱ्याच्या हातात काही फार उरत असेल असं वाटत नाही.

पीठ भिजवताना घाई केली तर पोळी बिघडणार. कोमट पाणी घ्या, कणीक नेहमीपेक्षा सैल ठेवा आणि अर्धा तास तरी झाकून ठेवा, कारण हे पीठ पाणी सावकाश पितं आणि ताण कमी असतो, घडीची पोळी लाटताना कडा चिरतात. पोळी तांबूस होते, चवीला गोडसर, आणि मुख्य म्हणजे डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. पुरणपोळीला मी अर्धा खपली अर्धा साधा गहू घेतो, नुसत्या खपलीची पोळी पुरण भरून लाटताना फुटते. पण खीर! सडलेला गहू रात्रभर भिजवायचा, कुकरला चांगला मऊ शिजवायचा, मग गूळ, ओलं खोबरं, खसखस, सुंठ, जायफळ. दाणा शिजून फुलतो पण लगदा होत नाही, दाताखाली येतो. कोल्हापूर सांगलीकडे जत्रेच्या जेवणात आणि सीमाभागात हुग्गी म्हणून जी खीर खाल्ली असेल तिला हाच गहू लागतो, दुसऱ्याची ती मजाच नाही.

आता माहितीपत्रक. त्यात तीन दावे आहेत. एक, हा गहू १०,००० वर्षं जुना आहे. दोन, ग्लुटेन फ्री आहे, म्हणजे कणकेला ताण देणारं गव्हातलं चिकट प्रथिन यात नाही. तीन, हरितक्रांतीच्या नावाखाली परदेशी बुटका गहू आणून आपला खपली संपवला, नाहीतर देश आज निरोगी असता.

पहिलं बरोबर. तुर्कस्तानचा आग्नेय भाग, सिरिया, त्या पट्ट्यात माणसाने जे गहू पहिल्यांदा पेरले त्यातला हा एक. दुसरं साफ चूक आणि धोकादायक. खपलीत ग्लुटेन असतं, फक्त त्याची जात आणि ताण वेगळा. ज्यांना सेलिअॅकचा आजार आहे, म्हणजे ग्लुटेनने ज्यांच्या आतड्याला इजा होते, त्यांनी हा गहू अजिबात खाऊ नये आणि विकणाऱ्यांनी हे असं छापू नये, एखाद्याच्या लेकराच्या आतड्याचं वाटोळं होईल.

तिसऱ्या दाव्यासाठी मात्र बरंच मागे जायला लागेल.

इजिप्तमधे हजारो वर्षं मुख्य गहू हाच होता. तिसरा रामसेस या राजाच्या काळात, इसवी सनापूर्वी ११५० च्या आसपास, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांनी काम बंद केलं होतं कारण धान्यातला पगार थकला होता, नोंद असलेला जगातला पहिला संप तो हाच मानतात. तो पगार म्हणजे भाकरीसाठी हा गहू आणि बिअरसाठी सातू. मग इसवी सनापूर्वी ३३२ मधे अलेक्झांडर आला, त्याच्यामागून ग्रीक टॉलेमी राजे आले आणि त्यांच्या राज्यात मळल्यावर मोकळा होणारा गहू पसरला, काही पिढ्यांत खपली मागे पडला. म्हणजे खपलीला हटवणारी एक मोठी घटना दोन हजार वर्षांहून जुनी आहे आणि तिचा हरितक्रांतीशी काही संबंध नाही. हा बदल झालाच नसता तर? इसवी सनापूर्वी ३० मधे रोमने इजिप्त घेतला आणि अलेक्झांड्रियातून धान्याची जहाजं रोमला जायला लागली, रोममधल्या लाखो लोकांचं पोट त्यावर चालायचं. खपली टरफलासकट भरला असता तर तेवढंच धान्य न्यायला कितीतरी जास्त जहाजं लागली असती, आधी सडून भरायचा म्हटलं तर तेवढं मनुष्यबळ आणायचं कुठून, आणि टरफल काढलेला दाणा किडीला लगेच बळी पडतो. माझं स्पष्ट मत आहे की एवढं मोठं रोम शहर खपलीवर उभंच राहिलं नसतं, किंवा राहिलं असतं तर इजिप्तच्या नाही, जवळच्या सिसिलीच्या जिवावर, आणि मग अलेक्झांड्रिया ज्याच्या हातात त्याच्या हातात रोमची नाडी हा सगळा खेळच वेगळा झाला असता.

आता भारत. पत्रक वाचून वाटतं की १९६५ पर्यंत घरोघरी खपलीच्या पोळ्या होत होत्या. अहो, महाराष्ट्रात रोजचं खाणं ज्वारी बाजरीची भाकरी, कोकणात भात. गहू सणावाराला. आणि जो गहू होता त्यातही खपली काही भागांपुरता, आजही देशातल्या गव्हाच्या क्षेत्रात त्याचा वाटा एखादा टक्काच आहे. बुटक्या गव्हाने जागा घेतली ती प्रामुख्याने उत्तरेतल्या उंच वाढणाऱ्या देशी आणि सुधारित वाणांची. तो उंच गहू खत पाणी जास्त दिलं की लोळायचा, ओंबी जड झाली की ताट आडवं, त्यामुळे उत्पन्नाला एक मर्यादा होती, शेतकऱ्याने कितीही राबलं तरी.

ती मर्यादा तुटली कशी ते बघा. जपानचा बुटका वाण नोरिन १०, १९३५ चा. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्यासोबत तिथे गेलेला सेसिल सॅल्मन नावाचा शेतीतज्ज्ञ तो बघतो आणि १९४६ मधे बियाणं अमेरिकेला पाठवतो. तिथे ऑर्व्हिल व्होगेल हा गव्हाचा संशोधक त्याचा संकर करतो, त्याचं बियाणं मेक्सिकोत गव्हाचे नवे वाण तयार करणाऱ्या नॉर्मन बोरलॉगकडे जातं आणि १९६६ मधे भारत मेक्सिकोतून १८,००० टन बियाणं आणतो, लेर्मा रोहो आणि सोनोरा ६४ या बुटक्या वाणांचं. १९६५-६६ च्या दुष्काळी वर्षात देशात जेमतेम १ कोटी ४ लाख टन गहू झाला होता, १९६७-६८ मधे १ कोटी ६५ लाख टन. त्या सुमाराची वर्षं आठवा, १९६५ मधे लालबहादूर शास्त्री सोमवारी एक जेवण सोडा म्हणून सांगत होते आणि पीएल ४८० या अमेरिकन अन्नमदत कायद्याखालचा गहू अमेरिकेतून जहाजामागून जहाज येत होता, तोही तिथले अध्यक्ष जॉन्सन साहेबांच्या मर्जीने, भारत व्हिएतनामबद्दल काय बोलतो ते ऐकून. सॅल्मनने ते बियाणं उचललं नसतं तर? मला वाटतं आपलं परराष्ट्र धोरण वॉशिंग्टनच्या गोदामाला बांधलेलं राहिलं असतं, १९७१ मधे बांगलादेशच्या वेळी अमेरिकेला नाही म्हणणं फार अवघड गेलं असतं. आमच्याकडे ७२ चा दुष्काळ बघितलेली माणसं अजून मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडीचं (मदत म्हणून वाटलेलं खाणं) नाव काढतात, देशाच्या कोठारात स्वतःचा गहू अजिबात नसता तर ते हाल कुठवर गेले असते याचा विचार करवत नाही.

पंजाबचं पाणी खोल गेलं, डाळी आणि भरडधान्यं मागे पडली, हे नुकसान खरंच आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण त्यासाठी खपलीची खोटी गोष्ट कशाला?

खरी गोष्ट तर कितीतरी भारी आहे आणि ती पत्रकात नाहीच. गव्हाचा तांबेरा, खोडावर विटकरी फोड येऊन उभं पीक जाणारा रोग, त्याचे प्रकार ओळखायला अमेरिकेत मिनेसोटाच्या एल्विन स्टॅकमनने १९२० च्या दशकात गव्हांचा एक संच ठरवला, कुठल्या गव्हावर डाग पडतात त्यावरून रोगाचा प्रकार ओळखायचा. त्या संचात आपला खपली होता, खपली याच नावाने. याच स्टॅकमनच्या हाताखाली बोरलॉग शिकला आणि १९४४ मधे मेक्सिकोत गेला तो आधी तांबेऱ्याशीच लढायला. तांबेऱ्याला अडवणारी एसआर १३ आणि एसआर १४ ही जनुकं खपलीतून मिळालेली आहेत, आणि १९९८ मधे युगांडात सापडलेल्या यूजी ९९ या भयंकर तांबेऱ्यासमोर एसआर १३ टिकतं. म्हणजे कोणीतरी शेतकऱ्याने कमी उताऱ्याचा, सडायला कटकटीचा हा गहू खिरीसाठी का होईना दरवर्षी पेरत ठेवला म्हणून जगाला ही जनुकं मिळाली. हे छापा ना पाकिटावर! मला वाचून अभिमान वाटला, दुसऱ्या कुणालाही वाटेल.

बरं, घ्यायचा का? नक्की घ्या, मी परत घेणार आहे. फक्त विकणाऱ्याला वाण विचारा, पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस २९७१ आणि धारवाडचा डीडीके १०२९ हे दोन सुधारित खपली आहेत, बुटकेपणा त्यांच्यातही आहे, त्यामुळे बुटका म्हणजे वाईट हे कुणी सांगितलं तर त्यालाही हे सांगा. तयार पीठ घेऊ नका, पिठात साधा गहू किती मिसळलाय ते कळत नाही. दाणा घ्या आणि समोर उभं राहून दळून आणा, आधीच्या दळणाचं पीठ चक्कीत राहू नये म्हणून पहिलं मूठभर बाजूला काढायला सांगा. सडलेला दाणा फार दिवस ठेवू नका, त्यात सोंडे लवकर होतात, खिरीपुरताच आणा. पत्रकातल्या ग्लुटेनच्या ओळीबद्दल त्या शेतकऱ्यांना मी फोन केला होता, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मजकूर छापखान्याने दिला तसाच टाकला होता, पुढच्या छपाईत ती ओळ काढतो म्हणाले. धान्याला पाचपैकी पाच, पत्रकाला सध्या एक.