बेळगावातली मराठी उपासना : नवीन माणसानं बिनधास्त जावं
कॅम्पाकडच्या एका चर्चमधली रविवारची मराठी उपासना. बेळगावात लंडन मिशनचं (इंग्रज मिशनऱ्यांची संस्था) काम १८२० ला सुरू झालेलं, त्यामुळं मराठी ख्रिस्ती घरं इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, मला वाटलेलं सगळी आपापसातली मंडळी असणार आपल्याला कोण विचारतंय, पण दारातच एक आजोबा उभे, "ये की बाळ, पंख्याखाली बस" म्हणून हातात गीतांचं पुस्तक दिलं, तेपण पान उघडून.

गाणी एकदम आपली. पेटी, तबला, टाळ आणि रेव्हरंड टिळकांची भजनं, डोळे मिटले तर देवळात भजनच चाललंय वाटावं. उपदेश मात्र लांबला, नि माईक सारखा कुईं करतोय, मागच्या बाकावर निम्मं ऐकूच येत नाही. नवीन लोकांना उभं करून नाव विचारतात, लाजाळू असाल तर जरा ऑकवर्ड होतंय बघा. नंतर चहा-खारी.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे बाप्तिस्म्याची घाई नाही. पाळकसाहेबांनी आधी मार्काचं शुभवर्तमान वाचायला दिलं (१६ अध्याय, चारांत सगळ्यात लहान तेच), मग क्लास, आणि घरी बोललास काय म्हणून विचारलं, आईला पटेना झालंय म्हटल्यावर "मग तिला एकदा चहाला घेऊन ये, थांबू की आपण" म्हणाले.

पार्किंग नाही, गाडी रस्त्यावरच लावा. कन्नड उपासना वेगळ्या वेळेला असते, टाइम विचारूनच जावा. ४ स्टार, एक माईकपायी कापला.