जपानच्या नोकरीचे पैसे घेतले, कागद शिक्षणाचा निघाला

जपानला काइगोच्या, म्हणजे वृद्धांच्या देखभालीच्या कामावर जायचं म्हणून मी एका एजंटाकडे ४ लाख ८० हजार रुपये भरले. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, सांगलीच्या एका दवाखान्यात रात्रपाळी करणारी मुलगी. आईच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या, उरलेले पैसे आण्णांच्या ऊसबिलातून घातले.

त्या एजंटाने दाखवलेल्या बातम्या खोट्या नव्हत्या, हे आधी सांगते. जपानमध्ये दर १० माणसांत जवळपास ३ जण पासष्टीच्या पुढचे आहेत. कामाला माणसं मिळत नाहीत म्हणून तिथल्या सरकारने एप्रिल २०१९ पासून 'तोकुतेई गिनो' हा कुशल कामगारांचा व्हिसा सुरू केला. मार्च २०२४ मध्ये पुढच्या ५ वर्षांसाठी ८ लाख २० हजार जणांची मर्यादा ठरली, त्यात १ लाख ३५ हजार जागा काइगोच्या. ही कात्रणं त्याच्या ऑफिसात काचेखाली लावली होती. आण्णांनी ती दोनदा वाचली आणि त्यांचा विश्वास बसला.

"ताई, तिकडं माणूसच नाही. परीक्षा आता नावाला राहिल्यात. आम्ही थेट वृद्धाश्रमात लावतो," तो म्हणाला. खोटं होतं ते एवढंच. काइगोच्या कौशल्याची परीक्षा, काइगोपुरत्या जपानीची परीक्षा आणि रोजच्या जपानीची परीक्षा (जेएफटी-बेसिकमध्ये २५० पैकी २०० गुण किंवा जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी) पास झाल्याशिवाय परदेशातून नव्याने जाणाऱ्या माझ्यासारखीला तो व्हिसा मिळत नाही. माझ्या जीएनएमच्या प्रमाणपत्राने यातली एकही चुकत नव्हती.

तीन महिने हिरागाना-काताकाना, म्हणजे जपानी मुळाक्षरं शिकवली. मग कागद मागितले: माझी बारावीची मार्कशीट, आण्णांच्या बँक खात्याचा उतारा आणि 'मुलीचा खर्च मी करीन' असं आण्णांच्या सहीचं पत्र. नर्सिंगच्या कागदांना कुणी हात लावला नाही. नोकरीला जाणाऱ्या मुलीच्या बापाची शिल्लक कशाला बघतात, हा प्रश्न आईने विचारला होता. मीच तिला गप्प केलं. त्याचं मला आजही फार वाईट वाटतं.

फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी सीओई आलं. हे जपानच्या इमिग्रेशन खात्याचं पात्रता प्रमाणपत्र; त्यासाठी ते खातं एक पैसाही घेत नाही. माझ्याकडून मात्र 'सीओई चार्जेस' म्हणून ६० हजार घेतले होते. सीओईचा फोटो मी पुण्यात जपानी शिकणाऱ्या मावसबहिणीला पाठवला. तिने पाच मिनिटांत फोन केला. "अगं, यावर 'र्यूगाकु' लिहिलंय. म्हणजे शिक्षण. तू भाषाशाळेत चाललीयेस, नोकरीला नाही."

विद्यार्थी व्हिसावर वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं, सुट्ट्यांचा काळ सोडला तर. त्यात राहणं, खाणं, शाळेची फी आणि इकडचं कर्ज कसं भागायचं? जाब विचारला तर तो म्हणाला, "२८ तास कागदावर असतात, सगळ्या पोरी जास्त करतात." पकडलं तर व्हिसा जातो, माघारी पाठवतात, हे तो बोलला नाही. ज्या पोरी अशा गेल्या असतील त्यांचा विचार मनातून जात नाही.

मी गेले नाही. पैसे मागितले तर त्याने दोन चेक दिले, दोन्ही वटले नाहीत. पोलीस ठाण्यात पावती दाखवली तेव्हा तिच्यावरचे शब्द मी पहिल्यांदा नीट वाचले: 'शैक्षणिक सल्ला शुल्क'. नोकरी हा शब्दच नाही. त्यामुळे आधी 'हा दिवाणी मामला आहे' असं ऐकवलं गेलं. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून ३० हजार रुपये व जीएसटी एवढंच घेता येतं. केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी आहे. त्यात याचं नाव नव्हतं. हे मी पैसे भरण्याआधी बघायला हवं होतं.

व्हॉट्सअॅपवर त्याचे 'काइगो जॉब पक्का' असे चार व्हॉइस मेसेज होते, ते मी पुसले नव्हते. त्यावरच शेवटी तक्रार घेतली गेली. तुमच्याकडे असे मेसेज असतील तर आजच दुसरीकडे साठवून ठेवा, आणि पावतीवर पैसे कशाचे लिहिलेत ते तिथंच, त्याच्यासमोर वाचा.