गोणपाटावर तांबं : एक पावसाळा काढल्यानंतर

मार्चमध्ये पूर्ण केलेलं हे चित्र तेव्हापासून रत्नागिरीत आमच्या हॉलमध्ये लटकतंय. १२ एमएमची प्लाय, तिच्यावर गोणपाट, त्यावर तांब्याचा पातळ पत्रा, हातकागद आणि एका विरलेल्या साडीचा जरीकाठ. खरखरीत आणि गुळगुळीत, मळकं आणि चकचकीत ही जोडी नजरेला लगेच पटते. इटालियन चित्रकार आल्बेर्तो बुर्री यांनी १९५०च्या दशकात पोत्यांची चित्रं केली, त्यातल्या काहींत सोनेरीही आहे. तिथूनच हे डोक्यात शिरलं. पण दिसायला उलट असलेल्या वस्तू दमट हवेत वागतातही उलट, आणि निवड करताना मला आता तेच आधी बघावंसं वाटतं.

सगळी मेहनत गोणपाटात. नव्या कापडाला रॉकेलचा वास येतो. ताग कातताना तो मऊ पडावा म्हणून गिरणीत खनिज तेल लावतात, आणि तेलकट धाग्यावर ना गोंद धरत ना रंग. गरम पाण्यात साबणाची पूड घालून रात्रभर भिजवलं, तर सकाळी बादलीत कोरा चहा! कापड आटतं, तेव्हा वाळल्यावरच मापाने कापा. फेव्हिकॉल जाड लावला की विणीच्या भोकांतून वर येतो आणि वाळून चमकतो. मग गोणपाट घेतलंच कशाला? त्यापेक्षा प्लायवर जेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात, त्यावर गोंदासारखं मॅट जेल मीडियम (घट्ट, वाळल्यावर न चमकणारं ॲक्रिलिक), वरून लाटणं फिरवायचं. जुलैत हाताला ओलसर लागायचं, पण कुठे सुटलं नाही.

तांब्याचे तुकडे मुद्दाम वेगवेगळ्या तऱ्हेने बसवले. फेव्हिकॉलवाल्याचा कोपरा पहिल्याच झडीत उचलला गेला. मागची बाजू पॉलिश पेपरने खरवडून इपॉक्सीने लावलेला तुकडा ढिम्म हलला नाही. दिसायला सर्वांत देखणा पितळी चुकांनी ठोकलेला. लोखंडी चुका नकोतच. खाऱ्या हवेत तांब्याला टेकलेलं लोखंड भराभर गंजतं आणि डाग कापडात उतरतो.

अर्ध्या पत्र्यावर लॅकर मारलं होतं, तो भाग अजून लालसर झगझगीत आहे आणि मला तोच आवडेनासा झालाय. उघडा भाग तपकिरी झाला, लावताना उमटलेले बोटांचे ठसे त्यात गडद होऊन बसले, आणि जिथे कडा ओल धरणाऱ्या गोणपाटाला टेकते तिथे काळपट हिरवी रेघ आली. ती रेघ ब्रशने काढता आली नसती. आईचं मत वेगळं आहे. “पितांबरी देऊ का?” हे तिने दोनदा विचारलंय.

कागदाबद्दल फार काही नाही. सुती चिंध्यांचा हातकागद पांढरा राहिला, शेजारी चिकटवलेलं वर्तमानपत्र पिवळं पडलं. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन उजेडात असंच करतं. जुनाट छटा हवी असेल तर हरकत नाही, मजकूर वाचता यायला हवा असेल तर झेरॉक्स काढून लावा.

जरीचं मात्र आधी तपासाच. काठातला एक धागा उपसून काडीपेटीने पेटवून बघा. आकसून गोळी झाली तर ती प्लॅस्टिकची जर, ती काळी पडत नाही. आत तांब्याची तार निघाली तर मुलामा उडून काळी पडणार, आणि गोणपाटावर लावलीत तर आणखी लवकर.