पंपावरची पीयूसी: पन्नास रुपयांत काय मिळतं?

मुंबईत पीयूसीसाठी, म्हणजे गाडीच्या धुराच्या प्रमाणपत्रासाठी, आरटीओची पायरी चढावी लागत नाही. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात एक जुनी व्हॅन, आत लॅपटॉप, अ‍ॅनालायझर, प्रिंटर, एवढाच संसार. राज्य सरकारने २०२२मध्ये ठरवलेले दर असे: दुचाकी ५० रुपये, पेट्रोल रिक्षा १००, पेट्रोल किंवा सीएनजी मोटार १२५, डिझेल १५०. गर्दी नसेल तर दहा मिनिटांचं काम. सोयीला पैकीच्या पैकी गुण.

तपासणीला मात्र पाचपैकी अडीच. धुराची मर्यादा केंद्र सरकार ठरवतं, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११५ने. व्हॅनला परवाना द्यायचा, दर लावायचा आणि अधूनमधून झडती घ्यायची ते राज्याच्या परिवहन विभागाने. आकडे देशभर सारखे असूनही सेवा पंपागणिक बदलते ती यामुळेच. कागदावर राज्याचा हात तितका बांधलेलाही नाही. हवा कायदा १९८१च्या कलम १७नुसार राज्य प्रदूषण मंडळ केंद्रीय मंडळाशी सल्लामसलत करून वाहनांची मानकं ठरवू शकतं आणि कलम २०खाली राज्य सरकार ती वाहन नोंदणी अधिकाऱ्यांना पाळायला लावू शकतं. व्हॅनमधल्या लॅपटॉपला मात्र केंद्राचेच आकडे ठाऊक!

नीट तपासणी कशी दिसते? इंजिन गरम हवं, म्हणजे गाडी किमान पंधरा मिनिटं चाललेली. न्यूट्रल, एसी बंद. प्रोब, म्हणजे धूर ओढणारी नळी, सायलेन्सरमध्ये तीस सेंटिमीटर आत. बीएस-४ (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धूर-मानकाची श्रेणी) पेट्रोल मोटारीला आयडलवर, म्हणजे रेस न देता, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. मग साधारण २५०० आरपीएमवर रेस धरून दुसरं मोजमाप, त्यात लॅम्बडा, म्हणजे हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३. बहुतेक जण गाळतात ते हे दुसरं. प्रोब टोकाला नुसता टेकवला की बाहेरची हवा मिसळते, कार्बन मोनॉक्साइड खाली येतो आणि गाडी आपोआप 'स्वच्छ' ठरते. लॅम्बडा वर सरकला की ही चोरी पकडली जाते, म्हणून तो आकडा बघाच. दुचाकीचा सायलेन्सर आखूड असेल तर जोडनळी लावायला सांगा. डिझेलला स्मोकमीटर, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत, पुन्हा पुन्हा. धुराच्या दाटपणाची मर्यादा बीएस-४ला १.६२ प्रति मीटर, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. अर्धीच रेस दिली तर काळा धूर बाहेरच पडत नाही.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. अ‍ॅनालायझरच्या नळीतला पाण्याचा सापळा भरतो आणि रीडिंग भरकटतं. सापळा रिकामा करून मशीन शून्यावर आणायला सांगायला लाजू नका.

गाडी नापास झाली तर कारण लिहिलेली स्लिप मागून घ्या. २०२१पासून तशी तरतूद आहे. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर आधी एअर फिल्टर बघा, हायड्रोकार्बन जास्त असेल तर स्पार्क प्लग. मेकॅनिक थेट इंजिनच्या कामाला हात घालायला निघाला तर थांबवा.

पीएम२.५ (अतिसूक्ष्म धूलिकण) आणि नायट्रोजन ऑक्साइड या तपासणीत मोजलेच जात नाहीत. हिवाळ्यात मुंबईच्या हवेची चर्चा होते ती पीएम२.५वरून, आणि पेट्रोल गाडीच्या प्रमाणपत्रावर त्याला रकानाच नाही. हा दोष व्हॅनवाल्याचा नाही, नियमाचा आहे आणि तो केंद्रातच सुटायचा.

गाडी न तपासता प्रमाणपत्र देणारा भेटला तर मात्र तक्रार केंद्र सरकारकडे नाही, आपल्या आरटीओकडे: ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली. व्हॅनवरचा परवाना क्रमांक टिपून ठेवा.

निघण्यापूर्वी प्रमाणपत्रावरचा नंबर, इंधन, बीएस श्रेणी आणि मोबाइल क्रमांक तपासा. बीएस-४ आणि बीएस-६ला मुदत वर्षाची, जुन्यांना सहा महिन्यांची. श्रेणी चुकीची पडली तर मुदतही चुकते, आणि पुन्हा रांग.