‘नेव्ह’साठी तीन फुकट कोश: कोणता उघडावा, कुठे जपावं

शेक्सपिअरच्या नाटकातली शिवी आणि जुन्या इंग्रजी पत्त्यांतला गुलाम, दोघांचं नाव एकच: ‘नेव्ह’. स्पेलिंग के-एन-ए-व्ही-ई, पहिला के मुका. मराठी करताना सरसकट ‘बदमाश’ लिहून मोकळं होता येतं, पण अर्ध्या ठिकाणी ते चुकतं. कुठे चुकतं हे कळायला तीन ऑनलाइन कोश पुरतात. तिन्ही फुकट.

पहिला उघडावा तो डग्लस हार्पर यांचा एटिमऑनलाइन, म्हणजे इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश. नोंद आटोपशीर आहे, पण कामाचं सगळं त्यात येतं. मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला ‘क्नाफा’, म्हणजे पोरगा किंवा घरगडी. जर्मन ‘क्नाबे’ त्याचाच भाऊबंद. लबाड हा अर्थ १२०० च्या सुमारास लेखी सापडतो, पत्त्याचा सोळाव्या शतकात. म्हणजे आपल्या बदामाच्या गुलामाने मूळ अर्थ आपल्यापेक्षा चोख सांभाळलाय! सालं वाचताना मात्र एक लक्षात ठेवायचं. ती पहिल्या लेखी नोंदीची असतात, शब्दाच्या जन्माची नव्हेत. शिवाय नवा अर्थ आला म्हणून जुना लगेच मरत नाही. मुलग्याला ‘नेव्ह-चाइल्ड’ म्हणणं नंतरही चालूच होतं. या कोशाची उणीव एकच, पण मोठी: शब्द कोणत्या सुरात म्हणायचा ते कळत नाही.

त्यासाठी सॅम्युएल जॉन्सनचा १७५५ चा इंग्रजी कोश. ऑनलाइन आवृत्तीत छापील पानांची चित्रंही आहेत. मुलगा, नोकर (हे दोन अर्थ तेव्हाच कालबाह्य ठरवलेले), मग क्षुद्र लबाड, आणि शेवटी शिपायाचं चित्र असलेला पत्ता, अशी चढण दिसते. पानाचं चित्र वाचताना शब्दाच्या मधला लांबुडका एस एफसारखा दिसतो, त्यामुळे ‘रास्कल’चा ‘राफ्कल’ होतो. तिथे अडखळू नये.

आता सूर. लिअर राजा आपल्या विदूषकाला ‘माय प्रिटी नेव्ह’ म्हणतो तेव्हा त्यात माया आहे. तिथे ‘बदमाशा’ घातलं की संवाद मेला. ‘लबाडा’ चालतं, कारण आपणही लाडक्या पोराला ‘लबाड कुठला!’ म्हणतोच. भांडणात तोच शब्द आला तर ‘हरामखोर’पर्यंत जायला हरकत नाही. आजच्या इंग्रजीत तो थट्टेत, ऐतिहासिक कथांत आणि तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मल्यन यांच्या कोड्यांत उरलाय. त्या कोड्यांतला नेव्ह कायम खोटंच बोलतो. पत्त्यांतूनही तो जवळजवळ गेला. कोपऱ्यात अक्षरं छापायला लागल्यावर राजाचा ‘के’ आणि याचं ‘केएन’ यांत गफलत व्हायची, म्हणून ‘जॅक’ रुळला. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ कादंबरीत मात्र पिप नावाचा पोरगा या पत्त्याला ‘जॅक’ म्हणतो म्हणून एस्टेला त्याला गावंढळ ठरवते.

मराठी प्रतिशब्दांसाठी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा मोल्सवर्थचा कोश, १८५७ ची आवृत्ती. कोश मराठी-इंग्रजी असल्यामुळे साध्या शोधात इंग्रजी शब्द टाकून हाती काही लागत नाही. संपूर्ण मजकुरात शोधायचा पर्याय निवडावा. ‘नेव्ह’, ‘नेव्हिश’ आणि ‘रोग’ (आजार नव्हे, लबाड या अर्थाचा इंग्रजी शब्द, आर-ओ-जी-यू-ई) वेगवेगळे टाकून पाहावेत. समोर येतील ते शब्द दीडशे वर्षांपूर्वीचे, तेव्हा आज कानाला कसे लागतात ते आपणच ठरवायचं. ‘भामटा’ उचलण्याआधी तर दोनदा विचार करावा: राजपूत भामटा ही महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या यादीतली जमात आहे.